अर्धं लुगडं

लुगड्यानं मासे धरता येतात, हे मी आजवर ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना मी थट्टा करते आहे असंच वाटलं. माझ्या सुनेनं तर मोबाइलवर शोधून पाहिलं आणि "आई, इथे तर जाळंच दाखवतात," असं म्हणून मला खोटं पाडलं. मोबाइलला काय माहीत? तो कधी गुडघाभर पाण्यात वाकला आहे?

लुगडं म्हणजे नऊवारी, सुती, आणि धुऊन धुऊन विरविरीत झालेलं. नवं लुगडं पाणी अडवतं, ते या कामाचं नाही. नायलॉनची साडी पाण्यात फुगून वर येते आणि मासे खालून आरामात निघून जातात. विरलेल्या सुती लुगड्यातून मात्र पाणी जातं आणि मासा राहतो. दोघींनी दोन टोकं धरायची, वरचा काठ हातात घ्यायचा, खालचा काठ पायाच्या अंगठ्यांनी वाळूत दाबायचा. मग पाणी न ढवळता काठच्या लव्हाळ्याकडे सरकत जायचं, कारण मासे त्याच्या मुळ्यांत दडून बसलेले असतात. जवळ गेलं की लव्हाळ्यात एक लाथ हाणायची. मासे घाबरून लुगड्यावर येतात, आणि नेमकं तेव्हाच दोघींनी एकदम उचलायचं. एकीनं आधी उचललं की दुसरीच्या बाजूनं सगळे पसार. 'उचल' म्हणायलाही वेळ नसतो. समोरचीच्या तोंडाकडे पाहून समजावं लागतं.

म्हणून हे एकटीचं काम नाही. ही गोष्ट मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझं माहेर डोणगावकडचं, पैनगंगेच्या अंगाचं. तिथे आया, मावश्या, काकू सगळ्याच लुगड्यानं मासे धरत. मी चालायला लागले तेव्हापासून पाण्यात होते म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन धाडजवळच्या या गावात आले तेव्हा मला सर्वांत आधी सुख झालं ते घर पाहून नाही, नवरा पाहून तर नाहीच. मळ्यामागून वाहणारा नाला पाहून झालं. आमच्याकडे ओढ्याला नाला म्हणतात. पुण्याच्या माणसाला गटार वाटेल, पण आमच्या नाल्याचं पाणी दिवाळीच्या सुमारास इतकं नितळ होतं की तळाची वाळू दिसते.

घर भाजीपाल्याचं. वांगी, मिरची, मेथी, सांबार. आमचा सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नाही. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे घरात मासा-मटण शिजत नसे. मात्र मळ्यात निंबाखाली तीन दगडांची चूल होती, आणि निंबाच्या बेचक्यात जर्मनचा एक काळाकुट्ट गंज, म्हणजे पातेलं, अडकवलेला होता. ज्याला खायचं त्यानं तिथे शिजवायचं, तिथेच खायचं, विहिरीवर अंघोळ करायची आणि मग घरात यायचं. गंजानं घराचा उंबरा कधी पाहिला नाही.

मला जोडीदारीण हवी होती आणि घरात एकच बाई माझ्या वयाच्या जवळपास होती, मोठी जाऊ. त्या बुलडाण्याच्या. वडील कचेरीत कारकून. घरात पंखा, अंगणात नळ, असं माहेर. मळ्यातली कामं त्या शिकल्या होत्या, पण पाण्यात पाय घालायचं म्हटलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. पहिल्यांदा मी त्यांना नाल्यावर नेलं तेव्हा त्या छत्री उघडून काठावर बसल्या आणि माझी चप्पल सांभाळली.

"त्यात साप असतीन," त्या म्हणाल्या.

"असतीन तर असतीन. ते आपल्याले भेतात."

"अन् जळवा?"

"जळवा नाही भेत," मी खरं ते सांगितलं. त्या आणखी दोन हात मागे सरकल्या.

त्यांना पाण्यात उतरवायला मला एक अख्खा पावसाळा गेला. उतरल्या त्या दिवशी मात्र गंमत झाली. आम्ही लुगडं उचललं, मळ्यांचा घोळका त्यात उसळला. मळ्या म्हणजे बोटाएवढे चंदेरी मासे. उन्हात ते नुसते लखलखत होते. मी गंज घ्यायला वळले आणि पाहते तर जाऊबाई तोंडाचा चंबू करून लुगड्यात पाहत उभ्या. त्यांचं टोक हळूहळू खाली चाललेलं आणि मासे एकेक करून पाण्यात परत.

"अवो जाऊबाई! सुटले ना सारे!"

"थांब ना वं, पाहू दे ना जराशी," त्या म्हणाल्या. "काय सुंदर हायेत माय."

मला राग आला. मासा पाहायचा असतो का? मासा धुवायचा असतो, राखेनं चोळायचा असतो, लसूण-मिरची वाटून शिजवायचा असतो. पण आमचं हे असंच चाललं. मी धरायची, त्या पाहायच्या. शिजलं की मात्र माझ्यापेक्षा त्याच जास्त खायच्या, आणि भाकरीनं गंजाचा तळ पुसायच्या ते वेगळंच.

लुगड्याचं म्हणाल तर ते सासूबाईंचं. आधी आम्ही गोधडीसाठी ठेवलेल्या गाठोड्यातून चोरून नेत होतो. जुनी लुगडी सासूबाई त्यात जपून ठेवत. एकदा आम्ही ते निंबावर वाळत घातलं आणि विसरलो. सासूबाई मेथी खुडायला मळ्यात आल्या, आणि त्यांनी आपलं हिरवं लुगडं झाडावर ओळखलं. नाकाजवळ नेलं. आम्ही दोघी शेजारीच उभ्या. माळकरी बाईच्या लुगड्याला माशाचा वास, आता त्या घर डोक्यावर घेणार, मला माहेरी पाठवणार, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

सासूबाईंनी ते घडी करून माझ्या हातात दिलं.

"माळ म्या घातली, लुगड्यानं थोडीच घातली," त्या म्हणाल्या. "पण आता हे गाठोड्यात परत ठेवू नका बाई. तिकडंच असू द्या."

तेव्हापासून ते आमचं झालं. गंजाच्या शेजारी निंबाच्या फांदीवर त्याची जागा ठरली.

बाजाराच्या दिवशी दोघे भाऊ माल घेऊन जीपनं धाडला जायचे. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी मेथीच्या जुड्या बांधून बांधून हिरव्या झालेल्या असायचो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची दुपार आमच्या हक्काची होती. पोरं शाळेत, सासूबाई देवळात, आणि आम्ही नाल्यात. त्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. काठावरची बेशरमची झुडपं, त्यांची जांभळी फुलं, पाण्याचा थंडावा, कमरेला खोचलेला ओचा. झिंगे पायाला गुदगुल्या करायचे. एखाद वेळी मरळ सापडली तर आम्ही दोघी अशा ओरडायचो की शेजारच्या मळ्यातला माणूस काय झालं म्हणून धावत यायचा. जाऊबाईंचं लक्ष माझ्या चेहऱ्यावर असायचं आणि माझं त्यांच्या. मी भुवई हलवली की त्या उचलायच्या. नवऱ्याबरोबर इतका संसार केला, पण भुवईनं बोलणं मला त्याच्याबरोबर कधी जमलं नाही.

पाण्यात असताना आम्ही बोलतही खूप होतो. घरात सासूबाईंसमोर बोलता येत नाही, नवऱ्यांसमोर बोलावंसं वाटत नाही, ते सगळं तिथे व्हायचं. जाऊबाईंना शिकायचं होतं, मॅट्रिकनंतर वडिलांनी लग्न लावून दिलं, हे मला तिथेच कळलं. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा घरात सगळे गप्प होते. मी रडले ते नाल्यात, गुडघाभर पाण्यात उभी राहून, आणि लुगड्याचं दुसरं टोक धरून त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. त्या दिवशी आम्ही एकही मासा धरला नाही.

मग सासूबाई आजारी पडल्या. अंथरुणाला खिळल्या तरी डोकं शाबूत होतं. एका सकाळी त्यांनी मोठ्या सुनेला जवळ बोलावलं. या घरात एक तरी माळ असतेच, त्यांच्या सासूच्याही गळ्यात होती, ती मोडता कामा नये, असं त्या म्हणाल्या. मी दाराशी उभी होते. मला कोणी विचारलं नाही. मला विचारायची कोणाची छातीच नव्हती म्हणा. जाऊबाईंनी मान हलवली. सासूबाई गेल्या, त्यांचे दिवस झाले, आणि जाऊबाई देवळात जाऊन माळ घालून आल्या.

बाजाराचा दिवस आला तशी मी निंबाखाली त्यांची वाट पाहत उभी राहिले. त्या आल्या. गोऱ्या गळ्यात नवी कोरी माळ.

"मी आता नाही येत वं," त्या म्हणाल्या.

"खाऊ नका. नुसतं टोक धरा."

"नाही. त्याईले बोलली मी."

"गेलेल्या माणसासाठी जित्या माणसाचा जीव मारता का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वळून वांग्यांच्या वाफ्याकडे गेल्या. मी तिथेच बसून रडले, आणि ते रडणं दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त होतं. देवावर राग, सासूबाईंवर राग, त्या माळेच्या प्रत्येक मण्यावर राग. मला दुसरी मैत्रीण नव्हती हो. कोणाला सांगणार होते?

त्याच वर्षी दोन चुली झाल्या. भांडण नव्हतं. पोरं मोठी झाली होती, घर अपुरं पडत होतं. भाऊबंदातली चार माणसं ओट्यावर बसली आणि भांड्यांची वाटणी सुरू झाली. मोठे दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, फार सरळ माणूस. इतका सरळ, की कोणी थांबवलं नसतं तर पाटा एका घरी आणि वरवंटा दुसऱ्या घरी गेला असता. परात इकडे, घागर तिकडे, असं चाललेलं. मी सकाळपासून धुमसत होतेच. मळ्यात गेले, निंबावरून लुगडं काढलं, आणि आणून सगळ्यांच्या मधोमध टाकलं.

"हेही वाटा मग!"

मला वाटलं जाऊबाई काही बोलतील. 'ते राहू दे तिच्याकडे' म्हणतील, किंवा 'माझ्याकडे राहू दे' म्हणतील. काहीही चाललं असतं. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच भाऊजींनी लुगडं उचललं, टोकाला टोक जुळवून नीट मध्य काढला, दातानं काठ तोडला आणि चर्र करून फाडलं. अर्धं माझ्यापुढे ठेवलं, अर्धं जाऊबाईंपुढे. पुढची वस्तू, कंदील.

मी वाटा म्हटलं होतं, फाडा म्हटलं नव्हतं, हे मी आजही सांगते. पण भाऊजींना त्यातला फरक कोण समजावणार? जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो असं नाही. भिंतीला भिंत लागून घर. त्यांच्याकडे पुरण झालं की माझ्याकडे यायचं, माझ्या पोराला ताप आला की त्या उशाशी असायच्या. पण नाल्याचं नाव दोघींनी घेतलं नाही. विहिरीवर जायची पायवाट नाल्याच्या काठानं होती. जाऊबाई ती सोडून लांबच्या बांधावरून जाऊ लागल्या. ते पाहिलं की माझ्या काळजात तुटायचं आणि मी मुद्दाम मोठ्यानं मिरच्यांचा भाव विचारायची.

मी सोडून दिलं नव्हतं. नवऱ्याला जुनं धोतर घेऊन नाल्यात उतरवलं, पण तो पाण्यातही सोसायटीच्या निवडणुकीचं बोलत राहिला आणि उचलायच्या वेळी मागे वळून पाहत राहिला. गळ टाकून बसले, पण गळाला सबूर लागते, ती माझ्याकडे कुठली? मग गावातली पोरं निघाली विहिरीच्या मोटारीची वायर पाण्यात सोडून मासे मारणारी. त्यांना मी विळा घेऊन नाल्याच्या पार हाकलून आले. लहान-मोठं सगळंच मरून वर तरंगताना पाहिलं आणि जेवण गेलं नाही त्या दिवशी.

मधल्या काळात जाऊबाईंचे यजमान गेले. मुलाला पुण्याला नोकरी लागली आणि तो आईला घेऊन गेला. त्यांचे गुडघेही गेले होते. दर सणाला येते म्हणायच्या, आणि फोनवर पुण्यातल्या भाज्यांना चव नाही म्हणून तक्रार करायच्या.

या दिवाळीला त्या आल्या. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा झाला. मग म्हणाल्या,

"नाल्याले पाणी हाये का वं?"

"हाये. तुमाले काय करायचं त्याचं?" मी जरा फटकळच बोलले.

"तुझं अर्धं हाये का?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. माझं अर्धं पेटीत होतं. सुनेला मी गोधडीसाठी म्हणून सांगत आले होते, पण त्याची गोधडी मी कधी होऊ दिली नाही.

"हाये. अन् तुमचं?"

"माझ्याचे नातीचे लंगोट झाले," त्या म्हणाल्या. "लय मऊ होतं माय. तिकडच्या कापडानं पोरीले पुरळ यायचं."

इतकी वर्षं मी जपलं आणि यांनी लंगोट केले! मला इतका राग आला, इतका राग आला, की मी हसत सुटले. त्याही हसल्या. घरातली माणसं बाहेर येऊन पाहू लागली.

नवरा म्हणाला, "वयिनी, या वयात पाण्यात? पाय घसरला तर?"

"घसरला तर हे हाये ना," म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

नाल्यापर्यंत जायला आम्हाला पुष्कळ वेळ लागला. त्या काठावरच्या पायवाटेनंच आल्या, बांधावरून नाही. काठी त्यांनी वाळूत रोवली, साडी वर खोचली आणि माझा हात धरून पाण्यात उतरल्या. पाणी थंड होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. गळ्यात माळ तशीच होती, आता गुळगुळीत आणि काळसर झालेली.

"अन् माळ?" माझ्यानं राहवलं नाही.

"खाल्लं तर मोडते. पाहिल्यानं काऊन मोडन?"

"मग हे तेव्हा सुचलं नाही तुमाले?"

"तेव्हा आली असती तर खाल्ले असते ना वं," त्या म्हणाल्या. "तू शिजवलेले कोणाच्यानं सोडवले असते? म्हणून इकडं पायच नाही टाकला. आता दातच नाहीत, भेव कशाचं?"

म्हणजे त्यांनाही तितकंच जड गेलं होतं. मला वाटायचं त्यांनी सहज सोडलं. मी एवढी वर्षं त्यांच्यावर रुसून काढली आणि त्या बापड्या माझ्या कालवणाला भिऊन लांबून चालत होत्या. मी लुगडं उलगडलं.

एक टोक त्यांना दिलं, दुसरं मी घेतलं आणि सवयीनं मागे सरकले, पूर्वी सरकायची तेवढीच. कापड ताणलं गेलं, हातातून सुटायला आलं. मी विसरलेच होते, ते अर्धं होतं.

"पुरत नाही," मी म्हटलं.

"मग जवळ ये ना वं," जाऊबाई म्हणाल्या.

मी जवळ गेले. इतकी जवळ की आमचे खांदे एकमेकींना लागले. त्यांचा तोल जायला लागला की मला लागून त्या सावरायच्या. अंगठ्यानं काठ वाळूत दाबला. सरकत सरकत लव्हाळ्यापर्यंत गेलो. लाथ मीच हाणली. चेहरा पाहायला त्या समोर नव्हत्या, पण खांदा होता. तो वर उचलला गेलेला मला कळला आणि मीही उचललं. दोघींचं अगदी एकदम.

मूठभर मळ्या होत्या, आणि एक झिंगा. मी लुगड्याची झोळी करून अर्धी पाण्यातच ठेवली, म्हणजे ते जगतील. ऊन वर आलं होतं. मळ्या त्यात लखलखत होत्या. निंबाच्या बेचक्यात गंज अजून होता, पण त्याची मला आठवण झाली नाही.

"सोडू का आता?" मी विचारलं.

जाऊबाई वाकून झोळीत पाहत होत्या. तोंडाचा तसाच चंबू.

"थांब ना वं," त्या म्हणाल्या. "पाहू दे मले जराशी."

मी थांबले.